सुकन्याच्या शेजारची जागा

देवणीचे ईश्वरप्पा संध्याकाळी दुकानातून आले, चहा मागितला आणि चहा यायच्या आत गेले. लेक सुकन्या लंडनला. फोनवर रडत ती धाकट्या काकांना एवढंच म्हणाली, "काका, मला अप्पांचं तोंड पाहायचंय. थांबा."

थांबा म्हणायला काय जातं! लंडन ते हैदराबाद पावणेआठ हजार किलोमीटर, थेट विमानाला दहा तास, पुढे बिदरवरून गाडीनं चार. त्यात मे महिना. इतरांत मयताला बर्फाच्या पेटीत निजवतात. लिंगायतांत बसवून नेतात आणि बसवूनच पुरतात.

"पेटीत आडवं केलं अन् आंग ताठलं, तर मंग बसवायचं कसं?" भावकीतले वडीलधारे रेवणप्पा म्हणाले. "दुपारपत्तर वाट बघू. पुढं न्हाई."

ईश्वरप्पांच्या धाकट्या भावानं, संगमेश्वरनं, अप्पांना भिंतीला टेकवून बसवलं, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, पोटावरून पंचा घेऊन मागच्या खुंटीला बांधला. भोवती बर्फाच्या लाद्या लावल्या.

"पोरीनं कितीदा बोलावलं," अप्पांच्या बायको कमलम्मा डोळे पुसत म्हणाल्या. "इमानाला लई भ्यायचे. तिला म्हणायचे, तू शेजारी बसशील तर येतो."

सकाळी संगमेश्वर फोनवरच्या नकाशात विमान पाहत बसला होता. मान वर केली तर अप्पांची मान उजवीकडे कललेली. त्यानं सरळ केली. थोड्या वेळानं पुन्हा तिकडेच. कपाळावरची विभूतीही उजवीकडून पुसटली होती. हात तर कुणी लावला नव्हता. त्यानं पुन्हा पट्टे ओढले, तेही पुसटले. खोलीत घूंऽऽ असा बारीक आवाज होता. पंख्याचा म्हणावा, तर लाईट कधीचीच गेलेली. शिवाय कॉफीचा वास. या घरात कॉफी कधी झालीच नव्हती.

"रेवणप्पा... ताठलेली मान वळती का हो?"

"न्हाई."

"मंग हे बघा..."

रेवणप्पांनी पाहिलं. "बर्फ वितळायलाय, त्यानं असंल," म्हणाले आणि स्वतःची खुर्ची मुकाट्यानं अंगणात नेली.

दुपारच्या सुमारास संगमेश्वरच्या कानांत एकदम दडे बसले. आवाज थांबला. अप्पांची मान आपसूक सरळ झाली. आपल्यालाच भ्रम झाला की काय, त्याला काही कळेना. तेवढ्यात फोन वाजला.

"काका, उतरले."

दुपार टळली तरी रेवणप्पांनी घाईचं नाव काढलं नाही.

उन्हं कलताना सुकन्या आली, अप्पांच्या पायांवर कोसळली. तोंड पाहिलं, पोटभर रडली. संगमेश्वरची नजर मात्र तिच्या काळ्या कुर्त्यावर खिळली. डाव्या खांद्यावर पांढरे पट्टे होते. तीन.

"सुकन्या, खांद्याला काय लागलं?"

तिनं पाहिलं, बोट फिरवलं. "काय माहीत... शेजारची सीट तर रिकामी होती. रात्रभर हा खांदा नुसता जड..."

कमलम्मांनी ती विभूती पुसली नाही. बोटाला घेतली आणि स्वतःच्या कपाळाला लावली.

अंधार पडायच्या आत अप्पांना शेतात बसवलं, माती दिली. संगमेश्वरला वाटलं, संपलं एकदाचं.

पंधरवड्यानं सुकन्या परत निघाली. विमानात बसल्यावर तिनं फोन केला. आवाज अगदी दबका.

"काका... शेजारची सीट..."

"रिकामीच हाय ना, बाई?"

"हो... पण कमरेचा पट्टा बांधलेला आहे."