झाकण उघडा, मिस्त्री
सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि टेकडीपलीकडच्या दवाखान्यातून त्यांना आज घरी सोडणार होते. मिस्त्री गॅरेजमधली सकाळची कामं उरकून त्यांना आणायला निघाले. गाडी त्यांची स्वतःची, पोटच्या पोरासारखी जपलेली. काळजीचं काही कारणच नव्हतं.

चढ लागला आणि त्यांना टेलरबाई आठवल्या. त्यांच्यामुळेच वर्षभर मिस्त्रींनी हा रस्ता टाळला होता.

गेल्या उन्हाळ्यात बाई गॅरेजवर आल्या होत्या. गाडी तापते, पुढचा पंखा फिरत नाही, जरा बघता का, म्हणाल्या. मिस्त्रींनी नुकताच जेवणाचा डबा उघडला होता. त्यांनी बॉनेटसुद्धा उचललं नाही.

"पंख्याबिंख्याचं काही नसतं हो. पाणी कमी पडतं. काटा वर गेला की थांबायचं, रेडिएटरचं झाकण उघडायचं, गार पाणी ओतायचं."

"लगेच?"

"लगेच."

गाडी तापली म्हणजे पाणी संपलं, असं बहुतेकांना वाटतं. पण पंखा बंद पडला, पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट अडकला, तर रेडिएटर काठोकाठ भरलेला असूनही इंजिन तापतं. बंद झाकणाखाली दाबलेलं ते पाणी शंभर अंशांपुढे जाऊनही उकळत नाही; झाकण फिरवलं की वाफ होऊन तोंडावर झेपावतं. मिस्त्रींना हे झोपेतून उठवलं असतं तरी सांगता आलं असतं.

याच चढावर बाईंनी झाकण उघडलं. आठ दिवस तळमळल्या आणि गेल्या.

चौकशीला आलेल्या पोलिसाला मिस्त्री नजर न हलवता म्हणाले होते, "मी बजावलं होतं साहेब, गरम असताना हात लावू नका म्हणून. ऐकलं नाही त्यांनी."

मोठं वळण ओलांडलं आणि तापमानाचा काटा हलला. बघता बघता तांबड्यात गेला.

मिस्त्री घाबरले नाहीत. त्यांनी एसी बंद केला, इंजिनातली उष्णता बाहेर पडावी म्हणून हीटर पूर्ण सोडला आणि गाडी कडेला घेतली. पंखा नीट फिरत होता. पाइप शाबूत होते. किल्ली काढून, बॉनेट उघडं ठेवून ते झाडाखाली बसले. अर्धा तास गेला, तास गेला. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. त्यांनी रेडिएटरला हात लावून पाहिला. गार. मग काचेतून आत डोकावले.

काटा तांबड्यातच होता.

तेवढ्यात वास आला. ओल्या कापडावर तापलेली इस्त्री टेकवली की येतो तसा. उघड्या बॉनेटच्या पलीकडून कुणीतरी हळूच बोललं.

"उघडा ना, मिस्त्री..."

त्यांचे पाय आपोआप बॉनेटपाशी आले.

"लगेच उघडायचं... असंच म्हणाला होतात ना?"

"बाई... माझं चुकलं..."

"हे पोलिसांना सांगायचं होतंत..."

हात झाकणाकडे निघाला. मिस्त्रींनी तो मागे घेतला. निदान घ्यायचा प्रयत्न केला. हात पुढेच गेला. बोटांनी झाकण पकडलं, दाबलं आणि फिरवलं.

एका ट्रकवाल्याने त्यांना टेकडीपलीकडच्याच दवाखान्यात पोचवलं. डोळे वाचले होते, पण नाकाच्या शेंड्यापासून गळ्यापर्यंत पट्ट्या होत्या. ओठ आणि जीभ भाजली होती. बोलणं पुन्हा कधी जमेल, हे डॉक्टर सांगू शकत नव्हते.

सासूबाईंना घरी पोचवून संध्याकाळी मेहुणा आला. तोही गाड्यांचंच काम करणारा. ट्रकवाल्याने सांगितलेल्या जागेवरून त्याने गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणली होती. खाटेशी बसून तो दबक्या आवाजात म्हणाला,

"भाऊजी, मला काही कळेना. पाण्याचा एक थेंब सांडलेला नाही. झाकण गच्च बसलंय, त्यावर धूळसुद्धा तशीच आहे. कुणी हात लावल्याची खूण नाही."

मिस्त्रींनी उशीवरून मान उचलली.

"गाडी खाली आवारात लावलीय. इंजिन थंडगार, किल्ली माझ्या खिशात. पण काटा अजून वर चढतोय..." मेहुणा उठला. "आणि बॉनेटपाशी एक बाई उभ्या आहेत. त्या म्हणतात, पाणी कमी असेल."

मिस्त्रींनी त्याची बाही धरायला हात उचलला. हात पोचला नाही.

"येतोच," मेहुणा म्हणाला. "एकदा झाकण उघडून बघतो."