भरलेल्या टाकीतला आवाज

विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी मोटारी दुरुस्त करणारा माणूस. भुताखेतांच्या गोष्टी कुणी काढल्या की मीच आधी हसायचो. पण हे माझ्याच घरात घडलंय. रविवारी दुपारी, लख्ख उजेडात.

दादा माझ्यापासून वीस मिनिटांवर राहायचा. एकटाच. त्याचं माणसांशी फारसं जमलं नाही. जीव काय तो टाकीतल्या माशांवर.

त्या रविवारी तीनला त्याचा फोन आला. मी जेवून आडवा झालो होतो.

"बारक्या, फिल्टर आवाज करतोय रे. येऊन बघतोस का जरा?"

"पाणी कमी झालं असेल. ओत की एक बादली."

"आज बादली उचलवत नाही रे."

"मग उद्या येतो," म्हणालो आणि कूस बदलली.

सोमवारी गेलो नाही. मंगळवारीही नाही.

बुधवारी दादाच्या शेजाऱ्यांनी बोलावलं. दार तोडलं. दादा टाकीसमोर फरशीवर पडला होता. हाताशी रिकामी बादली. पाणी फिल्टरच्या तोंडाखाली गेलेलं आणि फिल्टर नुसती हवा ओढत होता...

खुर्र... खुर्र...

सरबत संपल्यावर नळीतून येतो ना, तसा आवाज.

तीन मासे जिवंत होते. भावासाठी उठलो नाही, निदान हे तरी जगवू, म्हणून टाकी घरी आणली. फिल्टरची मोटार खोलून साफ केली. आतला स्पंज नळाखाली धरणार, तेवढ्यात दादाचं बोलणं आठवलं. "नळाचं पाणी लावू नकोस. त्या मळातले जंतूच पाणी साफ ठेवतात, त्यावरच टाकी जगते." मळ तसाच ठेवला.

टाकी काठोकाठ भरली. फिल्टर सुरू केला. आवाज नाही, काही नाही.

रविवारी तीनला...

खुर्र... खुर्र...

उठून पाहिलं. पाणी काठोकाठ. तिन्ही मासे काचेला तोंड लावून खाली फरशीकडे बघत होते. मी समोर उभा राहिलो आणि आवाज थांबला.

पुढच्या रविवारीही तेच.

"अहो, मोटार जुनी झाली असेल. नवीन आणा," बायको म्हणाली.

आणली. फक्त स्पंज जुनाच घातला, मासे मरू नयेत म्हणून.

रविवारी तीनला पुन्हा सुरू. मी प्लग काढला. वायर हातात धरून ऐकत होतो...

खुर्र... खुर्र...

"तो स्पंज फेकून द्या आधी," बायको म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"फेकला तर मासे मरतील."

ती दुसऱ्या दिवशी माहेरी गेली.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम उठलो नाही. कानावर उशी दाबली. बराच वेळ चालू होतं. मग एकदम बंद...

आणि फरशीवरून काहीतरी सरकल्याचा आवाज आला.

बाहेर आलो. बाथरूममधली बादली टाकीसमोर होती. रिकामी.

आता रविवारी मी आडवा होत नाही. पावणेतीनलाच भरलेली बादली घेऊन उभा राहतो. टाकीत थेंब मावत नाही, तरी. "आलो रे दादा," म्हणतो. मग गप्प होतं सगळं.

पलंगापासून टाकी आठ पावलांवर आहे. इतकं जवळ आल्याशिवाय बारक्या उठत नाही, हे दादाला कळून चुकलंय.