खटावकरांचं विरजण

रविवारी सकाळी साताऱ्याच्या कृष्णाई कॉलनीत कुजक्या बोंबलासारखा वास सुटायचा. एकतीस गाड्यांची बॉनेटं वर व्हायची आणि एकतीस घरची माणसं नाकाला रुमाल लावून आपापल्या ब्रेकना जेवू घालायची.

जुने ब्रेक बंद होऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. ते घासले की त्यांची काळी भुकटी हवेत उडायची आणि माणसांच्या फुप्फुसात जाऊन बसायची. मग शास्त्रज्ञांनी ब्रेकवर जिवाणूंचा एक थर वाढवला. दुधावर धरतो तसा, पिवळसर, चिवट, बोट लावलं तर बोटाबरोबर तार ओढणारा. लोक त्याला साय म्हणू लागले. दिवसभर ब्रेक दाबून साय झिजायची आणि गाडी उभी राहिली की आपोआप भरून यायची. पॅड बदलायला नकोत, गॅरेजच्या चकरा नकोत. फक्त आठवड्याला डावभर खुराक घालायचा, म्हणजे माशांच्या आतड्यांपासून केलेली करडी पेज. खुराक चुकला की साय पातळ होते आणि गाडी थांबत नाही, एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

वामनराव खटावकरांना नुसतं बघूनच मळमळायचं. खटावकर म्हणजे दूध संघाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ. तीन घरं पलीकडे दूध नासलं तरी यांच्या नाकाला आधी कळायचं. दुसऱ्याच्या कपातला चहा नाही, दुसऱ्याच्या टॉवेलला हात नाही. त्यांच्या गाडीत बसायचं तर चपला काढून डिकीत ठेवायच्या, मग पाहुणा असो की व्याही. स्वतःही अनवाणीच चालवायचे.

"ती घाण माझ्या गाडीत जाणार नाही," त्यांनी गाडी घेतल्याच्या पहिल्याच महिन्यात जाहीर केलं. "तीस वर्षं जिवाणू राबवलेत मी. लाडावले की आळशी होतात. उपाशी ठेवा, बघा कसे कामाला लागतात!"

आणि नवल असं की गाडी थांबायची. नुसती थांबायची नाही, तर डॅशबोर्डवर काठोकाठ भरलेला ताकाचा पेला ठेवून खटावकर करकचून ब्रेक मारायचे आणि थेंब सांडायचा नाही. एकदा तर म्हणे पेल्यावरची माशीसुद्धा उडाली नाही. हे स्वतः खटावकरच सांगायचे.

मग काय, दारात विरजण मागायला रांग लागली. लोक जुनी साय खरवडून टाकायचे आणि स्टीलच्या डब्या घेऊन यायचे. खटावकर हातमोजे घालून, तोंड फिरवून, चमचा चमचा साय वाटायचे. वर्षभरात अख्ख्या कॉलनीतून खुराकाचा खर्चही गेला आणि वासही गेला. दर पंधरवड्याला खटावकर आपण होऊन प्रत्येक गाडी स्वतः एक फेरी चालवून ब्रेक तपासायचे. अर्थात अनवाणी.

वाईला दिलेली मुलगी इरा रोज पसरणीचा घाट चढून पाचगणीच्या शाळेत शिकवायला जायची. तिच्या नव्या गाडीत तर त्यांनी जातीनं विरजण घातलं. दर दुसऱ्या शनिवारी ते वाईला जायचे आणि तिचीही गाडी घाटात एकदा फिरवून आणायचे. बापाचं मन, दुसरं काय!

मग पित्ताशयातल्या खड्यांनी खटावकरांना दोन महिने अंथरुणाला खिळवलं.

सहाव्या आठवड्यात सोसायटीचे सेक्रेटरी घोरपडे गाडी घेऊन गेटसकट रस्त्यावर गेले. दुसऱ्याच दिवशी इराचा फोन आला. 

"बाबा, उतारावर गाडी थांबेचना. शेवटी डोंगराला घासून थांबवली. मला काही झालं नाही. पण बाबा... मागच्या सीटवर अन्वय होता."

अन्वय, त्यांचा नातू, तीन वर्षांचा होता.

घोरपड्यांनी कोल्हापूरहून डॉ. नफिसा मुजावर यांना बोलावलं. बाईंचा सायीवर पंधरा वर्षांचा अभ्यास. त्यांनी खटावकरांच्या गाडीचं ब्रेकचं पेडल सोडवलं. खाली दांड्यावर बोटभर जाड साय चढून आली होती आणि तिच्यात पांढरे कण रुतले होते. बाईंनी एक कण चिमट्यात धरून उजेडात पाहिला.

"काका, चपला काढून चालवता?"

"म्हणजे काय! गाडी म्हणजे घर आहे माझं."

"टाच दाखवा."

खटावकरांनी संकोचून पाय पुढे केला. टाचेला भेगा होत्या आणि भेगांना कोंडा.

"साय पेजेवर का वाढवतात सांगू? पेजेत सगळं थोडं थोडं असतं, म्हणून तिला एकाच गोष्टीची खोड लागत नाही. तुम्ही तिला उपाशी ठेवलंत. उपाशी जिवाणू मिळेल ते धरतो. तुमच्या टाचेचा कोंडा खाली पडत होता, त्याच्या मागावर ती वर चढली. त्या कोंड्याला तुमचा घाम, तुमच्या अंगाची चरबी. प्रत्येक माणसाचं हे मिश्रण वेगळं असतं. तुमचं मिश्रण पचवणारे जिवाणू जगले, बाकीचे मेले. आम्ही त्याला चटक म्हणतो. चटक लागलेल्या सायीला दुसरं काहीच पचत नाही. आणि विरजणाबरोबर चटकही जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको."

खटावकरांनी पाय मागे घेतला. "म्हणजे माझी गाडी... मला..."

"गाडी नव्हे काका. गाड्या. मुलीची धरून तेहतीस."

"धुऊन टाका! उकळतं पाणी ओता!"

"लोखंडाच्या बारीक छिद्रांत उरते ती. वर नवी साय घातली तर तिलाच संपवते. सगळे ब्रेक बदलावे लागतील. एवढे ब्रेक यायला आठ महिने धरा."

"आणि तोवर?"

बाईंनी टाचेकडे पाहिलं. मागून घोरपड्यांनी पाहिलं. मग एकेक करून सगळी कॉलनी त्या टाचेकडे बघायला लागली.

खटावकरांनी इराला एसटीनं जायला सांगून पाहिलं. "शाळा सातला भरते बाबा, पहिली गाडी साडेसातला," ती म्हणाली. तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र अंथरलं, वजरी घेतली आणि तोंड फिरवून टाच घासली. कागदावरचा पिवळट भुगा बघून दोनदा उमासा आला. तिसरा गिळून त्यांनी तो भुगा डबीत भरला आणि वाईला धाडला. लेकीसाठी हे करणं भागच होतं.

कॉलनीसाठी करायची मात्र त्यांची तयारी नव्हती. पण रविवारी घोरपडे दारात हजर. "काका, आम्ही आपले गुमान पेज घालत होतो. विरजण तुमचं!" त्यांच्या मागे डब्याच डब्या. पाटणकर वहिनींनी गरम पाण्याची बादली आणली होती. "भिजली की जास्त निघते हो," असं म्हणून त्यांनी खटावकरांचा पाय धरून बादलीत बुडवलासुद्धा. ज्या माणसानं आयुष्यात कुणाच्या टॉवेलला हात लावला नाही, त्याचा पाय आता आळीपाळीनं शेजारी घासत होते आणि खाली पडलेला कण चिमटीनं उचलून डबीत टाकत होते. टाचेला मलम लावायची बंदी झाली. कुणी लाडू पाठवी, कुणी तूप. "खात चला काका, हल्ली कोंडा कमी पडतो."

चौथ्या महिन्यात टाचा जिलेटिनच्या कागदासारख्या पातळ झाल्या. एका शनिवारी इराची डबी भरताना वजरी खोल गेली आणि भुगा लाल झाला. खटावकरांनी तो टाकून द्यायला हात उचलला. पण दुसरा भुगा निघेना, आणि सोमवारी घाट होता. डबीला झाकण लावून त्यांनी ती तशीच पाठवली.

पुढच्या रविवारी सकाळी इराचा फोन आला. खटावकर पाय बादलीत सोडून बसले होते, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला.

"बाबा, काय सांगू तुम्हाला! परवा वळणावर समोरून ट्रक आला. नुसता पाय टेकवला आणि गाडी जागच्या जागी उभी! अन्वयची झोपसुद्धा मोडली नाही. या वेळचं काय वेगळं होतं हो?"

"काही नाही गं," खटावकर म्हणाले. "ताजं होतं."

फोन ठेवून त्यांनी पाय बाहेर काढला. टाचेवरची पट्टी सुटून आली होती. खालचं ओलं, लालभडक मांस बघून आता मळमळेल म्हणून ते वाट बघत राहिले. मळमळलं नाही. उलट या एका टाचेत अशा किती डब्या निघतील, याचा अंदाज त्यांच्या मनात चालू झाला होता.

दारात कुणीतरी खाकरलं. घोरपडे होते. त्यांच्या मागे जिन्यापर्यंत रांग, आणि सगळ्यांनी फोन ऐकला होता.

"काका," घोरपडे अदबीनं म्हणाले, "इराताईंना दिलं तेच सगळ्यांना द्या. सोसायटीत दुजाभाव नको."

त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेलं कोरं ब्लेड काढून पुढे केलं.

"उकळून आणलंय. तुम्हाला स्वच्छता लागते, माहीत आहे आम्हाला."