आत्याला मुलगा झाला

"म्हैस कुठंय?"

दारात उभ्या राहिलेल्या त्या परक्या तरुणाने गुस्नेलीला विचारलेलं हे पहिलं वाक्य! हातात लसींचा डबा, कपाळावर घाम...

"म्हैस मागे आहे. मी गुस्नेली," ती फणकारली.

तो असा काही गोरामोरा झाला, की लस स्वतःलाच टोचून घेतो की काय असं तिला वाटलं.

सुगेंग जावाहून आलेला गुरांचा डॉक्टर. त्यानंतर म्हैस ठणठणीत असताना तो सहा वेळा आला. सातव्यांदा म्हशीची जीभ तपासता तपासता म्हणाला, "लग्न करशील... म्हणजे—"

"मला विचारतोयस की म्हशीला?"

"तुला गं!"

"मग इकडे बघून विचार ना..."

त्याने बघितलं. ती हो म्हणाली, आणि डोक्याला ताप सुरू झाला.

इथली रीतच अशी, घर आणि कूळ आईकडचं, शब्द मामाचा. मामा म्हणाला, "याला इथं ना आईचं घर, ना कूळ. आपण मुलीकडचे मागणी घालायला जायचं कुठं? म्हशीच्या गोठ्यात? नाही म्हणजे नाही!"

गुस्नेली बाबांकडे धावली. बाबा कॉफी ढवळत होते.

"मामाला विचार."

"विचारलं! जन्मभर हेच ऐकतेय! या घरात पाहुण्यासारखे बसून राहिलात... बाप आहात ना माझे?"

बाबांनी कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि निघून गेले. चार दिवस फिरकले नाहीत. आपली जीभ झडली का नाही, असं तिला झालं.

पाचव्या दिवशी आत्याकडून सगळ्यांना जेवणाचं बोलावणं आलं, मामासकट. बाबांची ही बहीण, रोसमा. भावाची मुलं म्हणजे इथं 'केळीची पिल्लं'. आत्या कायम म्हणायची, "माझ्या केळीच्या पिल्ला, मला मुलगा असता तर तुला सोडली असती होय!" पण आत्याला तिन्ही मुलीच.

अंगणात बोकड शिजत होता. आत्याच्या, म्हणजे बाबांच्याही, कुळातले वडीलधारे ओळीने बसले होते. चार दिवस बाबांनी त्यांचेच उंबरे झिजवले होते. आणि आत्याच्या शेजारी, नवी टोपी घालून — सुगेंग!

"हा आजपासून माझा मुलगा," आत्या म्हणाली. "आमच्या कुळात घेतलाय."

आता आतेभावाला मामा नाही म्हणणार कसा? आतेभावासारखं स्थळ नाही, असं मामाच दर लग्नात सांगत फिरायचा.

"मग... मागणी आजच घालू?" तो पुटपुटला.

"आज जेवायला आलात. मागणीला रीतसर या. माझा मुलगा काय रस्त्यावर पडलाय?"

"आत्या, अगं आता तरी—"

"सासूबाई म्हण!"

गुस्नेलीने कपाळाला हात लावला. "सुगेंग, तू तरी बोल!"

"आई म्हणेल तसं," तो हळूच म्हणाला. डोळे मात्र नुसते हसत होते... मेला!

ती बाबांपाशी जाऊन बसली. आत्याचं घर म्हणजे बाबांच्या आईचंच घर; इथं बाबा ऐसपैस मांडी घालून भात वाढून घेत होते.

"बाबा, हे सगळं तुम्ही..."

"मी कुठं काय केलं?" बाबा म्हणाले. "मामाला विचार."

तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि भर पंगतीत हुंदके देऊन रडली.