सत्तर लिटरची तूट

त्याला सगळे हवालदार म्हणत, पण पोलिसात तो एक दिवसही नव्हता. बावीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर उभं राहून पास तपासले, त्याचीच ही पदवी. तिथून निवृत्त झाल्यावर त्याला गावाबाहेरच्या टेकाडावर पिण्याच्या पाण्याची टाकी राखायचं काम मिळालं, आणि ते त्यानं असं अंगावर घेतलं की घरचं दूध उतू जाताना माणूस काय धावेल!

कारणही तसंच होतं. घरात तो, त्याची लेक आणि लेकीची आठ महिन्यांची पोर, एवढी तीनच माणसं. जावई परगावी कामाला. पोरीला दोनदा जुलाब होऊन दवाखान्यात न्यावं लागलं होतं. दुसऱ्या खेपेला शीर सापडेना म्हणून नर्सनं एवढ्याशा हाताला चार ठिकाणी टोचलं, आणि हवालदार बाहेर भिंतीकडे तोंड करून रडला होता. तेव्हापासून त्याचा एकच धोशा, की टाकीत माशीसुद्धा शिरता कामा नये.

टाकी गोल, सिमेंटची, अर्धी जमिनीत पुरलेली. मावणार वीस हजार लिटर. वर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप, कुलपाला नंबर छापलेलं प्लॅस्टिकचं सील. हवेच्या पाइपाला बारीक जाळी. भोवती पुरुषभर उंच जाळीचं कुंपण आणि त्याच्या माथ्यावर वाकवलेल्या दांड्यांवरून ओढलेली काटेरी तार.

पहिल्याच दिवशी त्याला दिसलं की दांडे आत वाकवलेत. बाहेरच्याला अडवायचं तर ते बाहेर हवेत, एवढं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. त्यानं पंपवाल्याला विचारलं.

"ठेकेदार झिंगून आला असेल," पंपवाला म्हणाला. "आपल्याला काय? तार आहे ना?"

हा पंपवाला मोठा बोलघेवडा. दर पंधरा दिवसांनी टाकी रिकामी करून तोच आत उतरायचा, ब्रशनं घासून काढायचा आणि पुन्हा भरायचा. टाकी भरताना मीटरवर एकोणीस हजार नऊशे तीसचा आकडा आला की वरच्या नळीतून पाणी बाहेर सांडायला लागे. दर वेळी. सत्तर लिटर कमी.

"मीटर दोनदा बदललाय," पंपवाला म्हणाला. "आत मी स्वतः उतरतो, रिकामी टाकी रिकामीच असते. बरं, तुमचं वजन किती हो, हवालदार?"

"सत्तर."

"मग तुम्हीच दडी मारून बसत असाल आत!" आणि तो आपल्याच विनोदावर खो खो हसला. हवालदारही हसला, पण त्या दिवशी घरी जेवताना त्याचं ताटात लक्ष नव्हतं.

मग तपासणीच्या मॅडम आल्या. हातात कागद, त्यावर सुरक्षेची यादी. कुलूप, सील, जाळी, दिवा, सगळ्यावर बरोबरच्या खुणा करत त्या कुंपणापाशी आल्या आणि थबकल्या.

"हे काय? हे चोरासाठी आहे की पाणी पळून जाऊ नये म्हणून?"

हवालदारला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याचं पाप आपल्या माथी! चार दिवस त्यानं मागे लागून लागून वेल्डरची दोन माणसं आणवली, भर उन्हात स्वतः शिडी धरून उभा राहिला आणि सगळेच्या सगळे दांडे कापून बाहेरच्या बाजूला बसवून घेतले. कुंपण आता कुंपणासारखं दिसत होतं. त्या दिवशी त्यानं नातीला खांद्यावर घेऊन घरभर मिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेकाडावर पोचला तेव्हा झाकणापासून कुंपणापर्यंत सिमेंटवर ओला पट्टा होता.

त्यानं आधी सील पाहिलं. शाबूत. नंबर तोच. कुलूप बंद, जाळी धड. तो पट्ट्याच्या कडेकडेनं चालत गेला. फाटक डावीकडे होतं, पट्टा सरळ गेला होता. कुंपणाची जाळी तेवढ्याच भागात ओली होती, खालपासून माथ्यापर्यंत. वरच्या काट्यांना थेंब लटकत होते. पलीकडे पट्टा पुन्हा सुरू होत होता, उताराला लागून गावाच्या रस्त्यापर्यंत. तिथल्या धुळीत मात्र तो वाळून गेला होता.

तो टाकीच्या कडेला बसला, उठला, पुन्हा बसला. कुणाला सांगावं आणि काय सांगावं?

त्याच दिवशी टाकी धुवायची होती. पंपवाला आला, आत उतरला, घासून वर आला. भरणं सुरू झालं. मीटर एकोणीस हजार नऊशे तीस ओलांडून पुढे गेला. वीस हजारांवर नळी सांडली.

"वा!" पंपवाल्यानं टाळी दिली. "गेली की हो तुमची तूट!"

हवालदारनं टाळी घेतली. नजर मात्र कुंपणाकडे होती.

दुपारी घरी निघताना तो वाट वाकडी करून आप्पांकडे गेला. आप्पा म्हणजे त्याच्या आधीचे राखणदार, एकटे, दोन खोल्यांत राहणारे. त्यानं दांड्यांचं सांगितलं.

"मला विचारायचंस तरी," आप्पा म्हणाले.

"ते आतच वाकवायचे होते?"

"घरात पिंप आहे?"

"आहे. दोनशे लिटरचं, न्हाणीघरात."

"माणूस बसेल एवढं भांडं भरून ठेवू नकोस," एवढं बोलून आप्पांनी दार लोटलं. तेवढ्यात हवालदारला दिसलं, की आप्पांच्या घरात पाणी होतं ते सगळं लहान लहान भांड्यांत, रांगेनं मांडलेलं. एकही भांडं गुडघ्याच्या वर नव्हतं.

घरी लेक पिंपापाशीच उभी होती, पोरीला कडेवर घेऊन.

"बाबा, गंमत बघा. रोज दहा बादल्या लागतात, आज साडेसहातच काठोकाठ भरलं. नळाला बरकत आली म्हणायची!"

"आधी पोरीला बाहेर ने."

"अहो पण..."

"ने म्हणतो ना!"

त्यानं पिंप आडवं करून पाणी ओतून दिलं. आत डोकं घालून पाहिलं, हात फिरवला. काही नव्हतं. मग स्वतः मोजून भरलं. सहा. साडेसहा. पाणी त्याच्या पायांवर सांडलं.

भीती म्हणजे काय ते हवालदारला त्या क्षणी कळलं. आपणच वाट करून दिली, हा एकच विचार त्याच्या डोक्यात होता. त्यानं लेकीला सांगितलं, उद्या सकाळच्या बसनं पोरीला घेऊन मावशीकडे जा. लेकीला वाटलं उन्हानं बाबांचं डोकं फिरलं, पण त्याचा चेहरा बघून तिनं निमूट पिशवी भरली. त्यानं पिंपावर झाकण दाबलं, न्हाणीघराला बाहेरून कडी घातली आणि ड्यूटीवरचं एक सील आणून कडीत ओवलं. बावीस वर्षं त्यानं एवढंच तर केलं होतं.

सकाळी सील जसंच्या तसं होतं. नंबर दोनदा वाचून त्यानं ते कापलं. झाकण जागेवर होतं. पिंप ओतलं आणि लेक नळावरून बादल्या आणून देऊ लागली.

सहा. सात.

आठ.

नऊ.

"दहा!" लेकीनं शेवटची बादली ओतली आणि कमरेवर हात ठेवून हसली. "पुरत्या दहा. झालं समाधान? मी मेली उगाच पिशवी भरून बसले."

हवालदार पिंपाकडे बघत राहिला. पाणी काठाला टेकलं होतं, स्थिर. टाकीतही काल असंच पूर्ण भरलं होतं.

तो वळला आणि पुढच्या खोलीत धावला.

पोर सतरंजीवर बसून खुळखुळा चोखत होती. त्यानं तिला उचलून छातीशी घट्ट धरलं, आणि त्याचा सदरा ओला झाला.

"हिला अंघोळ घातलीस आज?"

"कुठली हो?" लेक पदराला हात पुसत आली. "सकाळपासून तुमच्या बादल्याच वाहतेय."

पोरीचं जावळ चिंब ओलं होतं. त्यात कुणीतरी अगदी सरळ भांग पाडला होता.