अर्ध्या पाखराचे पंख

"फौजदारबाई, लवकर या. आई पुन्हा येऊन गेली!"

फोनवर बेपत्ता बाईंच्या लेकीचा श्वास पुरत नव्हता. फौजदारबाई पोहोचल्या तेव्हा घर असं गप्प होतं, जणू कुणी नुकतंच त्यातून उठून गेलंय.

आईच्या खोलीत फळीवर कोलाज उभं होतं. हातानं फाडलेल्या कागदांचं पाखरू. जुने नकाशे, पतंगाचा कागद, सोनेरी वेष्टनं. आई बेपत्ता झाली तेव्हा त्याला एकच पंख होता. मग पहाटे पहाटे दुसऱ्या बाजूला एकेक पीस फुटू लागलं. घराच्या दाराला आतून कडी, आणि तरी पीस नवं.

"आई जिवंत आहे ना?" लेक म्हणाली. "बाबा म्हणतात, रुसलीय, येईल. आज तक्रार मागे घेऊ म्हणतात."

बाईंनी भिंग धरलं. जुन्या पंखाचे कागद धड होते. नव्या पंखाच्या पहिल्या पिसांची कुरतडून जाळी झाली होती.

"या बरणीतले निळे खडे कसले?"

"मोरचूद. आई कागद चिकटवायच्या खळीत घालायची. मावशीनंच शिकवलं तिला. पूड मात्र मी करायची."

घरातच राहणारी मावशी दारातून कडाडली, "आता माझ्यावर संशय वाटतं? शिकवलं खरं. म्हणून काय भूत होऊन फिरते मी?"

बाईंनी बाबांना आत बोलावलं.

"तुम्ही कधी बसता या खोलीत?"

"छे! कपट्यांच्या ढिगात माझं काय काम?"

"खळ कशी करतात, ठाऊक आहे?"

"मैदा नि पाणी, शिजवायचं. त्यात काय ब्रह्मविद्या आहे?"

बाई हलकेच म्हणाल्या, "दुसरा पंख तुम्ही लावलात."

"मी? पुरावा काय?"

"कसर, कागद खाणारी कीड. मोरचुदाच्या खळीला ती तोंड लावत नाही, म्हणून जुना पंख शाबूत. नवा तिनं खाल्लाय, कारण त्यात नुसता मैदा आहे. कडी आतून, म्हणजे लावणारा घरातला. लेक आणि मावशी मोरचूद विसरणार नाहीत. ज्याला ते माहीतच नाही, असे तुम्ही एकटे. पाखरू वाढत राहिलं की तिला कुणी शोधणार नाही, असा हिशेब होता. आणि साहेब, ती परत येणार नाही याची खात्री असल्याशिवाय तिच्या अर्धवट कामाला कोण हात लावेल?"

बाबांनी मान खाली घातली.

"मागची विहीर," ते पुटपुटले. "भांडण झालं. ढकललं मी. मग... वरचं झाकण ओढून घेतलं."

लेकीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "हाक मारली तिनं?"

"एकदाच."

"कुणाला?"

बाबांनी मान वर करून लेकीकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलायच्या आत मावशीनं धावत येऊन पोरीचे दोन्ही कान घट्ट झाकले.