बिनजोडाची पेटी

वाइंडिंगवाल्याला हवी होती फक्त एक पत्र्याची पेटी. बाकी सगळं जमलं होतं. जळक्या मोटरींच्या तांब्यातून त्याने दोन ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळले होते, जुन्या रेडिओंमधले चार व्हॉल्व्ह जपून ठेवले होते, स्पीकरचं खोकं सुताराने करून दिलं होतं. लेक गिटार वाजवायची. कॉलेजच्या कार्यक्रमात ती पहिल्यांदाच एकटी वाजवणार होती, आणि भाड्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला तिने नाक मुरडलं होतं.

"बाबा, व्हॉल्व्हचा आवाज वेगळाच असतो रे," एवढंच ती म्हणाली आणि बाप कामाला लागला.

"स्वयंपाकघरातला पंखा तीन महिने बंद आहे, तो दिसत नाही," बायको म्हणाली. "लेकीने हूं म्हटलं की निघाली स्वारी."

तर पेटी. म्हणजे चेसिस, ज्यावर हे सगळं सामान बसवायचं ती. सकाळी दुकान उघडायच्या आधीच तो भंगारवाल्या मावशीकडे गेला. मावशीने दोन पेट्या पुढे केल्या. एक अ‍ॅल्युमिनियमची, कोरी. पण अंगठ्याने दाबली तर पत्रा वाकला. त्याचे ट्रान्सफॉर्मर चांगले वजनदार होते, मधोमध झोळी झाली असती. दुसरी लोखंडी, पण कुठल्याशा यंत्रातून निघालेली, भोकांची नुसती चाळण. तिसरी त्याची त्यालाच दिसली, वजनकाट्याच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलेली. राखाडी, जाड, हवी तेवढीच लांब. कोपऱ्यांना ना वाकवल्याची रेघ, ना वेल्डिंगचा डाग. अख्खी पेटी जणू एकाच तुकड्याची. हाताला किंचित कोमट लागली. तिथे ऊन येत नाही, हे त्याच्या ध्यानात फार उशिरा आलं.

"ती नको नेऊस," मावशी म्हणाली.

"का? कुणी सांगून ठेवलीय?"

"कुणी नाही. अ‍ॅल्युमिनियमची ने. खालून एक पट्टी मार, वाकायची नाही."

"एवढी मजबूत समोर असताना पट्ट्या कशाला मारत बसू?"

मावशीने खांदे उडवले आणि पेटी गुंडाळायला रद्दी शोधू लागली.

दुपारी त्याने व्हॉल्व्हच्या सॉकेटसाठी भोकं पाडायला घेतली. लोखंडाचा कीस कसा, कुरळा, करकरीत, हाताला चटका देणारा. हा निघाला लांब, पांढरट आणि मऊ. त्याने एक तुकडा उचलला, तो बोटाभोवती लवला. तेल घातलं नव्हतं तरी ड्रिल ओलं झालं होतं. आणि वास! नख जळाल्यावर येतो तसा, दाट, घशाशी बसणारा. बोटं त्याने पँटला पुसली, मग साबणाने धुतली, मग पुन्हा धुतली. संध्याकाळी जेवताना घास तोंडाजवळ नेला की तोच वास.

दुसऱ्या दिवशी सॉकेट बसेना. काल बसवून बघितलेलं, अगदी बेताचं. आज शिरतच नव्हतं. त्याने व्हर्नियर लावला. भोक दोन मिलिमीटरने लहान झालं होतं. कडेने आतून एक पिवळट, कुरकुरीत थर धरला होता. त्याने नखाने उचकटला. तो अलगद निघाला, आणि खाली पत्रा गुलाबी होता. ओलसर गुलाबी.

तो खुर्चीवर बसला. जुना रंग असेल, कसल्या तरी ॲसिडने पत्रा खाल्ला असेल, अशी मनाची समजूत घातली. कार्यक्रम चार दिवसांवर होता. लेकीला काय सांगणार, पत्र्याला खपली धरली म्हणून? नाकाला रुमाल बांधून त्याने कानशीने भोकं मोठी केली आणि सॉकेट स्क्रूने आवळून टाकली. प्रत्येक स्क्रू आवळताना पेटी किंचित आकसते आहे असं हाताला वाटत होतं. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी अ‍ॅम्प्लिफायर सुरू झाला. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले, स्पीकर घुमला. लेक दुकानातल्या स्टुलावर बसली आणि पहिला सूर छेडला. शेजारचा शिंपी मशीन थांबवून दारात आला. आवाज खरोखरच वेगळा होता, भरलेला, जिव्हारी लागणारा, शेवटाला थोडा चिरकणारा. लेकीचे डोळे भरून आले.

"बाबा... कसलं भारी झालंय!"

दहा-बारा मिनिटं ती वाजवत राहिली. शिंपी मान हलवत आपल्या कामाला गेला. पेटी तापली तसा तिच्यावर घाम आला. त्याला घामच म्हणावं लागेल. बारीक, तेलकट थेंब, स्क्रूंच्या भोवती जमणारे. तो पुसायला फडकं शोधत होता, तेवढ्यात वाजवणं थांबलं.

"बाबा, तारा ओल्या होतायत."

"हाताला घाम आला असेल."

"नाही... कोमट आहेत. आणि... बाबा, बोटं निघत नाहीयेत."

गिटारच्या तारा केबलमधून शेवटी चेसिसलाच जोडलेल्या असतात. ही गोष्ट त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. आधी वाटलं करंट उतरला. पण तिला झटका बसत नव्हता. ती नुसती बघत होती, डाव्या हाताची चार बोटं तारांवर, आणि बोटांची कातडी तारांच्या दोन्ही बाजूंनी वर आलेली. तारांना गिळत असल्यासारखी. हात कुठला आणि तार कुठली, सांधा दिसत नव्हता.

त्याने केबल हिसडली. ती सहज आली नाही. आली तेव्हा चपक् असा आवाज झाला आणि पेटीच्या भोकातून पातळ, चिकट तंतू लोंबला. लेकीची बोटं सुटली. शेंड्यांची घट्टे पडलेली कातडी तारांवर राहिली होती.

"कुणाला बोलू नकोस," ती म्हणाली. मग कोपऱ्यात जाऊन भडाभडा ओकली.

मीटर लावून त्याने तीनदा तपासलं. करंटची गळती कुठेच नव्हती.

पेटी दुसऱ्या दिवशी परत गेली. अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीवर खालून पट्टी मारून अ‍ॅम्प्लिफायर उभा राहिला. बोटांना पट्ट्या बांधून लेकीने कार्यक्रमात वाजवलं. आवाज बरा आला, टाळ्याही पडल्या. बायकोच्या पंख्याचंही काम झालं. लेकीच्या बोटांचं सोडून इथवर तो कुणालाही सांगतो. मावशीच्या दुकानात काय झालं, ते मात्र त्याने घरी कधी काढलं नाही.

त्याने पेटी काट्यावर ठेवली तेव्हा मावशीने विचारलं होतं, "किती भोकं पाडलीस?"

"सात."

"बुजतील."

"मावशी, हे आहे काय?"

"मी काय सांगू? मी तर तुला अ‍ॅल्युमिनियमची दाखवत होते."

तिने पेटी दोन्ही हातांनी उचलली, छातीशी धरली आणि मागच्या खोलीत गेली. तो दारापर्यंत गेला, जायला नको होतं. आत भर दुपारीही अंधार होता, आणि नख जळाल्याचा तो वास, पण शिळा, दमट, कोंडलेला. भिंतीला लागून लांबलचक फळी होती. फळीवर ओलं गोणपाट पसरलेलं.

मावशीने गोणपाटाचं एक टोक उचललं.

"सरका गं जराशा," ती दबक्या आवाजात म्हणाली, झोपलेल्या पोरींना म्हणावं तसं.

आणि गोणपाटाखाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हळूहळू... जागा झाली.